अठ्ठ्याऐंशी दिवस : अंबडमधलं एक शिकाऊ वर्ष

आमच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली एक मुलगी १ ऑगस्ट २०२३ रोजी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाली आणि ३१ जुलै २०२४ रोजी बाहेर पडली. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. मुलगी पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या एका गावातली, घरी द्राक्षाची बाग. मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते आणि शिकाऊ उमेदवारीचे कागद माझ्याकडे असतात. त्यामुळे हे सगळं माझ्या नजरेखाली घडायला हवं होतं. पहिले पाच महिने तसं झालं नाही, आणि त्याचा हिशोब याच लेखात द्यायचा आहे.

तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिने वर्षभर एक दोनशे पानी वही ठेवली होती; ती मी दोनदा वाचली. कंपनीचं, तिथल्या माणसांचं आणि तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. लिहावंसं वाटलं याचं कारण साधं आहे. किती मुलं लागली आणि किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, हे आम्ही दरवर्षी मोजतो. मधल्या बारा महिन्यांत त्या मुलाच्या हातून काय काय गेलं, ते कुणी लिहून ठेवत नाही.

करार

ही नियुक्ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेतली. मुलं तिला 'नॅट्स' म्हणतात. पाया १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. आधी ही वाट इंजिनिअरिंगच्या पदवी-पदविकाधारकांसाठी होती. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्यांनाही ती खुली झाली. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्या वर्षी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये होतं आणि त्यातला निम्मा भार सरकार उचलत होतं.

कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र घरोघरी पोचत नाहीत. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. कामावर अपघात झाला तर भरपाईचा हक्क आहे, सुरक्षेचे नियम लागू आहेत, पण कामगार कायद्यांचं बाकीचं छत्र डोक्यावर नसतं. आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नाही. वर्गात मी हे दहा मिनिटांत सांगून मोकळी झाले होते. तिच्या घरी मात्र 'पोरगी कंपनीत लागली' म्हणून पेढे वाटले गेले होते आणि आईचा प्रश्न पहिल्या महिन्यापासून सुरू झाला होता: "पर्मनंट कधी करणार?" बाराही महिने तो प्रश्न तिच्यासोबत राहिला. वहीत तो सात ठिकाणी आहे.

पहिला महिनाभर ती गावाहून जा-ये करत होती. पहाटेची एसटी, सीबीएस स्थानकावर उतरून अंबडची सिटीलिंक बस, संध्याकाळी तेच उलट. रोजचे चार तास रस्त्यावर. सप्टेंबरात सिडकोत, उत्तमनगरला, तीन मुलींबरोबर खोली घेतली. खोलीभाडं, मेस आणि बसपास वजा जाता हातात जे उरत होतं त्यातून ती घरी काही पाठवू शकत नव्हती. याची बोच तिला होती, आणि वडिलांनी कधी मागितलं नाही म्हणून ती आणखी होती.

झेरॉक्सशेजारची खुर्ची

अकाउंट्समध्ये चार माणसं आणि एक मॅनेजर. तिची खुर्ची झेरॉक्स मशीनशेजारी. पहिल्या दिवशी इनवर्डचा शिक्का हातात दिला गेला: येईल त्या बिलावर तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची, बिल ट्रेमध्ये ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात जुनी व्हाउचर स्कॅन करायचं काम आलं. ते डिसेंबरपर्यंत चाललं.

कंपनीत सॅप (हिशोबाचं सॉफ्टवेअर) होतं, पण तिला स्वतःचं लॉगिन नव्हतं. कुणी जेवायला गेलं की त्याच्या लॉगिनवर ती बघायची. बी.कॉम.ला आम्ही शिकवतो की खरेदीची ऑर्डर, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचं बिल, हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. परीक्षेत या उत्तराला तिला पूर्ण गुण होते. कंपनीत 'मिगो मारला का?', 'मिरो पेंडिंग आहे' अशी भाषा चालायची, आणि मिगो म्हणजे माल आत घेतल्याची नोंद व मिरो म्हणजे बिलाची नोंद, हे जुळवायला तिला दीड महिना लागला. कुणी सांगायला नकार दिला होता असं नाही. तिने विचारलं नाही आणि कुणाला सांगायचं सुचलं नाही.

या माणसांवर मी खापर फोडणार नाही. मी नंतर तिथे जाऊन बसले तेव्हा जे पाहिलं ते असं: महिन्याच्या ११ तारखेच्या आत विक्रीचं जीएसटी विवरण, १४ ला पोर्टलवर 'टू-बी' (खरेदीवरच्या कराचं विवरण) येतं, त्यात ज्या पुरवठादाराचं बिल दिसत नाही त्याच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही म्हणून फोनाफोनी, २० ला पुढचं विवरण आणि कर भरणा. मग पगार, मग महिन्याचा ताळेबंद, की पुन्हा ११ तारीख. चौघांपैकी कुणाच्याही कामाच्या यादीत 'शिकाऊ मुलीला शिकवणे' ही ओळ नव्हती. शिकवलं म्हणून कुणाची पगारवाढ होणार नव्हती, नाही शिकवलं म्हणून थांबणार नव्हती. भल्या माणसांच्या हातूनही मग ते राहून जातं.

राहून गेलं ते माझ्याही हातून. तिचे तिमाही अहवाल माझ्याकडे येत होते. पहिल्या अहवालात 'अकाउंट्स पेएबलची (पुरवठादारांचे पैसे देण्याची) संपूर्ण प्रक्रिया आत्मसात केली' असं वाक्य होतं. ते तिने आधीच्या वर्षीच्या एका मुलाच्या अहवालातून उतरवलं होतं. मी वाचलं असतं तर ओळखलं असतं, कारण त्या मुलाचा अहवालही माझ्याच कपाटात होता. मी सही केली. दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली आणि म्हणाली, "मॅडम, माझं काम नक्की काय आहे ते मला अजून कळलेलं नाही." मी तिला धीर दिला, चहा पाजला आणि परत पाठवलं. त्या दिवशी मी कंपनीत फोन करायला हवा होता.

गुरुवार, ११ जानेवारी

सातपूरला दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन चालवणारे एक शेठ या कंपनीला बुशिंग पुरवायचे. शेठ म्हणायचं एवढंच. मशीनवर स्वतः उभे राहणारे, वय साठीच्या पुढे. दर गुरुवारी दुपारी ते पेमेंटला येऊन बसायचे. रिसेप्शनमधून फोन आला की अकाउंट्समधून ठरलेलं उत्तर जायचं: साहेब मीटिंगमध्ये आहेत, तुमचं बिल अजून ड्यू नाही. ऑक्टोबरपासून हे उत्तर द्यायचं काम तिच्याकडे आलं होतं. वहीत तिने लिहिलंय: 'मला त्यांच्याकडे बघायला नको वाटतं. पप्पा असेच बसायचे.'

इथे थोडं थांबून सांगायला हवं. द्राक्षाच्या गावात वाढलेल्या मुलीला पैसे अडकणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. व्यापारी बागेत येतो, सौदा करतो, माल तोडून क्रेट भरून नेतो, पैसे मागाहून. कधी चेक वटतो, कधी व्यापारी फोन उचलायचा बंद होतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक म्हणून आलेल्या प्रताप दिघावकरांनी शेतकऱ्यांच्या अशा फसवणुकीच्या तक्रारी हाती घेतल्या, तेव्हा जिल्हाभरातून शेतकरी कागद घेऊन पुढे आले होते. तिच्या वडिलांचे पैसे बुडाले नव्हते, पण एका हंगामात ते महिनाभर एकाच शेडच्या बाकड्यावर जाऊन बसत होते. शाळेतून येताना ती त्यांना तिथे बघायची.

त्या गुरुवारी शहरात वेगळीच गडबड होती. दुसऱ्या दिवशी तपोवनात राष्ट्रीय युवा महोत्सवाचं उद्घाटन होतं, पंतप्रधान येणार होते, रस्ते वळवलेले. शेठ पंचवटीत माल द्यायला गेले होते ते अडकले आणि दुपारऐवजी साडेपाचला पोचले. विभागातले सगळे निघून गेले होते. ती एकटीच होती. शेठ म्हणाले, "ताई, साहेबांना नका बोलवू. फक्त एवढं बघून सांगा, माझा माल तुमच्याकडे कधी आला असं तुमच्या कागदावर आहे?"

लॉगिन नसल्यामुळे तिला सॅपमध्ये बघता येत नव्हतं. म्हणून ती स्टोअरच्या काकांकडे गेली. काका तीस वर्षं त्याच गेटपाशी. त्यांनी गेटचं रजिस्टर काढून दिलं. तिने सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या. तो कागद वहीत चिकटवलेला आहे:

माल गेटमधून आत आला : ४ नोव्हेंबर २०२३
माल मिळाल्याची पावती झाली : २१ नोव्हेंबर
बिलावर इनवर्डचा शिक्का : २३ नोव्हेंबर
बिलाची सॅपमध्ये नोंद : २ डिसेंबर
पैसे देय : ३१ जानेवारी २०२४

सॅपच्या हिशोबाने पैसे वेळेवरच जाणार होते, कारण ऑर्डरवर '६० दिवस' छापलेलं होतं आणि २ डिसेंबरपासून ३१ जानेवारी म्हणजे बरोबर ६० दिवस. शेठच्या हिशोबाने माल देऊन ८८ दिवस होणार होते. मधले २८ दिवस कुणीही चोरलेले नव्हते. ४ नोव्हेंबर हा दिवाळीआधीचा शनिवार. माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागाने तो सुट्टीनंतर बघितला, तोवर पावती अडून राहिली, पावती नाही म्हणून बिल ट्रेमध्ये पडून राहिलं. २३ नोव्हेंबरचा शिक्का तिच्याच हाताने मारलेला होता. बिल माल घेऊन आलेल्या माणसाने ४ तारखेलाच दिलं होतं. पावती झाल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, असं तिला पहिल्या आठवड्यात सांगण्यात आलं होतं.

त्या रात्री तिने मला फोन केला. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिच्याजवळ तक्रार नव्हती, प्रश्न होता: "मॅडम, कायद्याने दिवस कुठून मोजायचे?"

मी तिला उत्तर सांगितलं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचं पंधरावं कलम वाच म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मी वेळेवर केलेली बरोबर गोष्ट बहुधा हीच.

दिवस कुठून मोजायचे

तिने वाचलं आणि स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवलं. ते थोडक्यात असं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी कराराने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, पण करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. हे दिवस मोजायचे ते माल पोचला त्या दिवसापासून. बिल सॅपमध्ये कधी चढलं याला महत्त्व नाही. मालाबद्दल तक्रार असेल तर ती पोचल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवायची. तसं केलं तर तक्रार मिटली त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. न कळवता माल 'क्वालिटी होल्ड'वर ठेवला तर घड्याळ थांबत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज.

म्हणजे शेठचे पैसे १९ डिसेंबरला जायला हवे होते.

कायदा २००६ चा आहे. मग इतकी वर्षं शेठ बाकड्यावर का बसत होते? पुरवठादाराला तक्रार करता येते, २०१७ पासून त्यासाठी 'समाधान' पोर्टलही आहे. पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? बदल आला तो आयकर कायद्यातून. २०२३ च्या अर्थसंकल्पात कलम ४३बी मध्ये 'एच' हा खंड घातला गेला आणि तो २०२३-२४ या वर्षाच्या हिशोबापासून लागू झाला. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले, तर तो खर्च त्या वर्षी धरायचा नाही. प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. दोन लाखांचं बिल असं राहिलं आणि कराचा दर २५ टक्के धरला, तर त्या वर्षी ५० हजारांचा कर जास्तीचा. व्यापाऱ्याच्या दारात बसून जे झालं नसतं ते या एका खंडाने झालं.

क्वालिटीशी वाद

आपला कागद तिने मॅनेजरांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "हे सगळ्या पार्ट्यांचं काढता येईल का?" त्या दिवशी संध्याकाळी तिला स्वतःचं लॉगिन मिळालं. फक्त बघण्यापुरतं. रुजू होऊन १६८ दिवस झाले होते.

पुढच्या तीन आठवड्यांत ती जे शिकली ते आधीच्या पाच महिन्यांत शिकली नव्हती. कारण आता तिला जे हवं होतं ते वेगवेगळ्या माणसांकडे होतं. गेटवरची तारीख काकांकडे, ऑर्डरवरच्या अटी परचेसमध्ये, माल का अडला ते क्वालिटीत, उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र पुरवठादाराकडे. एकेका बिलामागे ती चार खात्यांत फिरत होती. आमच्या पुस्तकात कंपनीचं जे चित्र असतं ते चौकटी आणि बाणांचं. तिला दिसलं ते असं की प्रत्येक बाणाच्या मध्ये कुणीतरी एक माणूस बसलेला आहे आणि त्याच्या टेबलावर एक ट्रे आहे.

याच काळात ती जोरात आपटली. क्वालिटीच्या प्रमुखांना तिने ईमेल लिहिली आणि मॅनेजरांना प्रत पाठवली: अमुक तमुक अकरा पार्ट्यांचा माल १५ दिवसांहून जास्त लेखी कारणाशिवाय होल्डवर आहे, हे कायद्याला धरून नाही. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत त्यांनी तिला विचारलं, "आता अकाउंट्सची शिकाऊ पोरगी आम्हाला क्वालिटी शिकवणार का?" मॅनेजरांनी तिची बाजू घेतली नाही. दोन आठवडे ती परत स्कॅनिंगवर. सिटीलिंकमध्ये तोंडाला ओढणी लावून रडत गेले, असं वहीत आहे, आणि त्याखाली: 'सोडून देऊ का?'

मला वाटतं क्वालिटीचे प्रमुख चुकले. वयाने आणि पदाने मोठ्या माणसाने शिकाऊ मुलीला जेवणाच्या टेबलावर असं बोलायचं नसतं. पण तिनेही एक गोष्ट धरली नव्हती, आणि ती तिला स्टोअरच्या काकांनी दाखवून दिली. होल्डवरच्या त्या अकरांपैकी तीन माल खरोखर खराब होते, मोजमापात बसत नव्हते. क्वालिटीने पुरवठादाराला फोन करून सांगितलंही होतं. फक्त कागद केला नव्हता, कारण लेखी नापसंती गेली की त्या छोट्या पार्टीचं रेटिंग घसरतं आणि पुढची ऑर्डर जाते. काका म्हणाले, "तो माणूस त्यांना सांभाळूनच घेत होता, पोरी. तू जाऊन विचारलं असतंस तर सांगितलं असतं." ती गेली. विचारलं. सांगितलं. मग दोघांनी मिळून एक पद्धत बसवली: नापसंतीची दोन ओळींची ईमेल त्याच दिवशी जायची, पण रेटिंगचा निर्णय माल दुरुस्त होऊन आल्यावर. ही पद्धत त्या कंपनीत आजही चालू आहे, असं काकांकडून कळतं.

मार्चएंड

फेब्रुवारीत ऑडिटरांचं पत्र आलं: सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची यादी, उद्यम क्रमांकासह, प्रत्येक बिलाची स्वीकाराची तारीख. सगळ्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा हीच धावपळ चालू होती. या कंपनीत अशी यादी निम्मी तयार होती, एका शिकाऊ मुलीच्या एक्सेलमध्ये. तिला स्कॅनिंगवरून परत बोलावलं गेलं.

उरलेलं निम्मं काम किचकट होतं. उद्यम प्रमाणपत्र आहे म्हणजे झालं असं नव्हे. मध्यम उद्योग या तरतुदीत येत नाहीत. नुसता व्यापार करणाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. ४५ दिवसांचा लाभ त्यांना नाही. त्या वेळच्या व्याख्येप्रमाणे सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटींपर्यंत, लघु म्हणजे १० कोटी आणि ५० कोटींपर्यंत. तिने पहिल्या यादीत दोन हार्डवेअर व्यापारी घातले होते. ऑडिटरच्या आर्टिकलने (त्यांच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाने) ते काढले आणि का काढले ते नीट समजावलं. हा मुलगा तिच्याच वयाचा. वर्षभरात स्वतःहून बसून तिला शिकवणारा तो पहिला माणूस, आणि तो कंपनीचा नव्हता.

प्रमाणपत्रं मागायला ती पार्ट्यांना फोन करत होती तेव्हा एकाने विचारलं, "ताई, प्रमाणपत्र दिलं तर ऑर्डर बंद होणार का?" ही भीती खरी होती. ४५ दिवसांत पैसे द्यायला लागू नयेत म्हणून मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळतील, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे होती. काही छोटे उद्योग नोंदणीच रद्द करायच्या विचारात होते. तिने मॅनेजरांना विचारलं. ते म्हणाले, "सांग, असं काही नाही." तिने मला विचारलं, "मी सांगू का? मला माहीत नाही ना." मी म्हटलं, जे तुझ्या हातात नाही त्याचं वचन देऊ नकोस, कायदा काय आहे तेवढं सांग आणि ऑर्डरचं परचेसला विचारा म्हण. तिने तसंच केलं. दोघांनी प्रमाणपत्र दिलं नाही. मी दिलेला सल्ला सुरक्षित होता. बरोबर होता का, यावर मी अजून विचार करते.

२९ मार्चला गुड फ्रायडे, बँका बंद. ३१ ला रविवार. मधला शनिवार, ३० मार्च, महिन्यातला पाचवा, म्हणून बँका चालू. आणि तोच रंगपंचमीचा दिवस. जुन्या नाशकात रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडल्या होत्या, तिच्या खोलीतल्या मुली भिजायला गेल्या होत्या. ती अंबडला बसून यादीतल्या एकेका नावापुढे पेमेंट गेल्याचा क्रमांक लिहीत होती. संध्याकाळी सात वाजता शेठचं डिसेंबर-जानेवारीचं राहिलेलं सगळं गेलं. तिने त्यांना फोन केला नाही. तसं करायची परवानगी नव्हती. बँकेचा मेसेज त्यांना गेलाच असेल, असं वहीत आहे.

यादी ऑडिटरांना गेली त्या ईमेलवर तिचं नाव नव्हतं.

मला काय दिसतं

सहकाऱ्यांशी बोलताना एक मत वारंवार ऐकलं: नशीबवान मुलगी, नेमक्या त्याच वर्षी तो खंड आला म्हणून तिला काम मिळालं. मला हे पटत नाही. खंड फेब्रुवारीत त्या कंपनीच्या दारात आला. तिने तारखा जानेवारीत मांडल्या होत्या. तिला शिकवलं ते एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न कंपनीने दिला नाही, आम्हीही दिला नाही. तो तिला बाकड्यावर बसलेल्या वडिलांकडून मिळाला. पिंपळगावची नसती, बँकेतल्या साहेबाची मुलगी असती, तर ती बारा महिने शिक्के मारून प्रमाणपत्र घेऊन आली असती, आणि मी तिच्याही अहवालावर सही केली असती. याचं मला वाईट वाटतं.

म्हणून आता मी पहिल्या तिमाही अहवालाची वाट बघत नाही. रुजू झाल्यावर सहाव्या आठवड्यात कंपनीत जाते आणि मुलाला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारते. तुझं स्वतःचं लॉगिन आहे का? अडलं तर कुणाला विचारतोस, त्या माणसाचं नाव सांग. आणि तू आठवडाभर आला नाहीस तर कुठलं काम अडेल? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुलं गप्प होतात. मग मी मॅनेजरांना भेटते आणि त्यांच्याकडे एक काम मागते, कितीही छोटं चालेल, पण पूर्ण त्या मुलाचं. काही मॅनेजर तिथल्या तिथे देतात. काही म्हणतात, बघू. एकाने मला कॉलेजचं काम कॉलेजात करायला सांगितलं.

अहवालाचा नमुनाही बदलला. 'काय आत्मसात केले' हा रकाना काढला. त्या जागी 'या तीन महिन्यांत तुम्ही पाहिलेला एक कागद कुठून कुठे गेला ते तारखांसह लिहा' असं आहे. हे दुसऱ्याचं उतरवता येत नाही.

जुलैनंतर

तिला नोकरी दिली गेली नाही. जागा नाही, असं कारण सांगितलं गेलं, आणि ते खरं असावं. त्या विभागात अजूनही चारच माणसं आहेत. प्रमाणपत्र मिळालं. शेवटच्या दिवशी क्वालिटीच्या प्रमुखांनी कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी जिलबी मागवली. आईने प्रश्न विचारायचा सोडला. महिनाभर ती घरी होती, मग कॅनडा कॉर्नरच्या एका सीए ऑफिसात लागली. पगार विद्यावेतनापेक्षा थोडाच जास्त आहे. मुलाखतीत तिने तो पाच तारखांचा कागद दाखवला होता.

त्या झेरॉक्सशेजारच्या खुर्चीवर ऑगस्टपासून आमचाच एक मुलगा बसतो. जायच्या आधी तिने वहीतली अकरा पानं उतरवून त्याला दिली: कुठला कागद कुठे अडतो, कुणाला कधी विचारायचं, जेवणाआधी कुणाकडे जायचं नाही. परवा त्याचा फोन आला होता. पानं फार उपयोगी पडली म्हणाला. इनवर्डचा शिक्का आता माल येतो त्याच दिवशी पडतो.

लॉगिन त्याला अजून मिळालेलं नाही. सहावा आठवडा सोमवारी सुरू होतोय. सकाळी साडेनऊला अंबडला पोचते असं मी मॅनेजरांना कळवलं आहे.